आलोच

मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘आलोच’. माणूस अजून धड गेलेलाही नसतो आणि त्याचं क्रियापद परत येऊन बसलेलं असतं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. काळ शिकवायची वेळ आली की या शब्दापाशी मी दरवर्षी अडखळायची. ‘आलो’ हा साधा भूतकाळ, पण मागं नुसता एक ‘च’ लावला की त्याचा भविष्यकाळ होतो, आणि तोही बेभरवशाचा. मुलं विचारायची, बाई, मग हा कुठला काळ? मी म्हणायची, हा मुलाणी सरांचा काळ. सगळा वर्ग हसायचा. कारण अंथुर्ण्याजवळच्या आमच्या त्या शाळेत ‘आलोच’ हा शब्द एकाच माणसाच्या मालकीचा होता.

दिलावर मुलाणी आमचे चित्रकलेचे शिक्षक. उंच, सडपातळ, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि उजव्या बाहीच्या टोकाला कायम रंगीत खडूची पूड. प्रार्थना चालू असो, शिक्षकांची बैठक असो, नाहीतर संस्थेचे पदाधिकारी आलेले असोत, मध्येच त्यांचा चेहरा बारीक व्हायचा, ते दाराकडं बघायचे, ‘आलोच’ म्हणायचे आणि नाहीसे व्हायचे. गंमत अशी की परत आल्यावर ते अर्धं राहिलेलं वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं चालू करायचे. ‘रंगपेटी पालकांनी’ इथं गेलेले सर आले की ‘घ्यायची की शाळेनं, ते ठरवा’ म्हणून खाली बसायचे. मधल्या वेळात आमचा विषय बदललेला असायचा, मग त्या रंगपेटीचा संबंध लावता लावता आमचीच तारांबळ उडायची. बैठकीत त्यांची खुर्ची ठरलेली, दारालगतची. ती कुणी अडवलीच तर ते उभे राहायचे, पण आत जाऊन बसायचे नाहीत.

त्यांच्या पोटाचं दुखणं मला माहीत होतं, कारण बारामतीत आम्ही एकाच गल्लीत राहायचो. शहनाजभाभी संध्याकाळी कोथिंबीर निवडायला आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि नवऱ्याच्या पोटाची हकिगत सांगायच्या. बेंबीखाली पीळ पडतो, आतडी कुणीतरी पिळून वाळत घातल्यासारखी दुखतात, मग धावावं लागतं, जाऊन आलं की जरा बरं वाटतं, आणि घडीभरानं पुन्हा तेच. ओवा झाला, हिंग झाला, इसबगोल झाला. बेंबी सरकलीय म्हणून वरकुट्याच्या एका म्हातारीकडून पोट चोळून घेऊन झालं. शेवटी सगळ्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी, दुर्बीण, रक्त, काय काय. सगळं व्यवस्थित निघालं. भाभींनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मी पेढा खात सरांचं अभिनंदन करायला गेले, तर ते नापास झाल्यासारखं तोंड करून बसलेले.

“बाई, रिपोर्ट चांगलं आलं खरं,” ते म्हणाले, “पण आता दुखायला कारणच उरलं न्हाय. आणि दुखतंय तर हायेच.”

हे कुणाला सांगायचं नाही, अशी दोघांनी मला गळ घातली होती. हृदय दुखतं म्हणायला माणसाला लाज वाटत नाही. गुडघा दुखतो हे तर लोक न विचारता सांगतात. पोटाच्या खालच्या मजल्यावरचं दुखणं मात्र कुणाला सांगायची सोय नाही. मुलाणी सरांनी ते एका शब्दाखाली झाकून ठेवलं होतं आणि त्या झाकणावर आम्ही सगळे हसत होतो.

या दुखण्यानं शाळेचा एक फायदा मात्र केला. मोरगावच्या सहलीची आखणी सरांकडं असायची. कुठं थांबायचं, कुठल्या पंपावर, कुठल्या हॉटेलात, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं, आणि जिथं जिथं बस थांबायची तिथं स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह असायचं. आमच्या मुली इतक्या सुखात दुसऱ्या कुठल्या सहलीला गेल्या नाहीत. मुख्याध्यापक म्हणायचे, मुलाणींना नियोजनाची दृष्टी आहे. मी आणि सर एकमेकांकडं न बघता मान डोलवायचो.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. सव्वीस जानेवारी, शिक्षक दिन, दहावीचा निरोप असं काही आलं की सर दर्शनी फळा सजवायचे. स्टुलावर चढून, रंगीत खडू बोटांत धरून, अक्षरांना सावल्या देत, कडेला वेलबुट्टी काढत ते तासन् तास उभे असायचे. त्या सगळ्या वेळात ‘आलोच’ नाही. दाराकडं नजरही नाही. एकदा कौतुकानं मी खालून म्हणाले, “सर, आज एकदाही आलोच नाही?”

त्यांचा हात थांबला. खडू तसाच फळ्यावर टेकलेला. दुसरा हात हळूहळू पोटाकडं गेला आणि चेहरा बारीक झाला.

“कशाला आठवण केली, बाई,” असं म्हणून ते स्टुलावरून उतरले आणि ‘आलोच’ म्हणून गेले.

मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं. दुखणं कुठं गेलेलं नव्हतं, ते बिचारं बाहेर उभं होतं. मी हाक मारून त्याला आत घेतलं.

आता वाघमोडे सर. खेळाचे शिक्षक. जवानीत गावोगावच्या मैदानांत कुस्त्या केलेला माणूस, आवाज असा की प्रार्थनेला त्यांना माइक लागत नसे, आणि डावा कान मोडलेला. पैलवानाचा कान कुस्तीत घासून घासून सुजतो आणि मग फुटाण्यासारखा आवळून कडक होतो, तसा. मुलाणी आणि वाघमोडे यांची दोस्ती जगजाहीर होती. हे त्यांना ‘पैलवान’ म्हणायचे, ते यांना ‘कलाकार’. बारामतीहून दोघं रोज एकाच मोटरसायकलवरून यायचे. वाटेत भवानीनगरच्या पुढं एका पंपावर कलाकार उतरायचे, ‘आलोच’ म्हणायचे, आणि पैलवान गाडीवर बसून राहायचे. इतकी वर्षं एका गाडीवर मागं-पुढं बसून पैलवानांची पक्की समजूत होती की दिलावर चोरून बिडी ओढतो.

त्यांचं बिनसलं ते इंदापुरात. तालुक्याच्या शिक्षक पुरस्कारासाठी त्या वर्षी आमच्या शाळेतून दोघांची नावं गेली होती, आणि पुरस्कार वाघमोडेंना मिळाला. मुलाणी मनापासून खूश होते. मित्राविषयी चार शब्द बोलायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. आठवडाभर ते आरशासमोर भाषण म्हणत होते, असं भाभी सांगत होत्या. पण बोलणाऱ्यांना व्यासपीठावर बसवणार, तिथून दार लांब, हेही त्यांना कळलं होतं. त्या दिवशी सकाळपासून ते काही खात नव्हते, आणि सारखे पोटाचा कानोसा घेत होते. पोट गप्प असलं तरी ते गप्प का आहे म्हणून पुन्हा कानोसा.

सभागृह भरलेलं. वाघमोडे फेटा बांधून, शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन बसलेले. निवेदकानं पुकारलं, आता सत्कारमूर्तींचे जिवलग मित्र मुलाणी सर. खुर्ची रिकामी. पुन्हा पुकारलं. दारातल्या एका नव्या शिक्षकानं काही वाईट मनात न आणता, जे दिसलं ते ओरडून सांगितलं, “सरांच्या पोटात दुखतंय.”

निवेदक हजरजबाबी होता, ही त्या दिवशी वाईट गोष्ट ठरली. तो माइकवरून म्हणाला, “असं समजतंय की मित्राचा सत्कार बघून मुलाणी सरांच्या पोटात दुखतंय.”

सगळं सभागृह खो खो हसलं. मराठीत हा घोटाळा आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, त्यालाही आम्ही पोटदुखीच म्हणतो. आणि पुरस्कारासाठी दोघांची नावं गेली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. फेट्याखालचे वाघमोडेही हसले. एक कर्णा मागच्या बाजूला, स्वच्छतागृहाच्या भिंतीवरच लावलेला होता, त्यामुळं ते वाक्य आणि तो हशा मुलाणींना आमच्यापेक्षा स्पष्ट ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी गाडीवर पैलवानांनी विचारलं, काल कुठं गेला होतास? मुलाणी म्हणाले, जरा काम होतं. माझ्या सत्कारापेक्षा मोठं काम? त्यावर हे गप्प. एवढंच. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोटरसायकल आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबली नाही. मी मुलाणींना म्हणाले, मी सांगते त्यांना खरं काय ते. त्यांनी माझ्यापुढं हातच जोडले. मग ते माझ्यासोबत एसटीनं यायला लागले. एसटी काही पंपावर थांबत नाही. मधला लासुर्ण्याचा थांबा येईपर्यंत ते पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून डोळे मिटून बसायचे. गल्लीतली माणसं, नातेवाईक, ज्याला थोडंफार माहीत होतं तो प्रत्येक जण त्यांना एकच सल्ला द्यायचा, लक्ष देऊ नका. हा सल्ला ऐकला की त्यांचा शांत चेहरासुद्धा आंबट व्हायचा.

मग भाभींनी हट्टानं त्यांना बारामतीतच एका नव्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. वयानं लहान, पण ऐकून घेणारी. त्यानंतरच्या सोमवारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो, तेव्हा सरांनी फळ्यावर मला सगळं चित्र काढून दाखवलं. खाली आतडी, वर डोकं, मध्ये एक तार. आणि डोक्यात जोंधळ्याच्या रानातला माळा, त्यावर गोफण घेऊन बसलेला एक राखण्या.

“आजाराला नाव हाय, आयबीएस,” ते म्हणाले. “आणि दुखणं खोटं न्हाय म्हणाली, बाई. पयली माणूस ती, असं म्हणणारी. आतड्याची तार जरा नाजूक झालीय, आणि हा वरचा राखण्या लई जागा हाय. पाखरू बसलं तरी चोर चोर म्हणून वरडतो.”

“मग लक्ष देऊ नका, हेच ना?” मी म्हणाले.

“तेच तर न्हाय. माळ्यावर बसलेल्याला ‘तिकडं बघू नको’ म्हणलं की तो तिकडंच बघणार. ती म्हणाली, त्याला दुसरं काम द्या.”

फळ्यापुढं स्टुलावर उभं असताना दुखत का नव्हतं, याचा उलगडा आम्हाला दोघांनाही एकदमच झाला. खाण्यापिण्याचं पथ्य, थोडं औषध, सावकाश श्वास घ्यायचा सराव हेही होतंच. पण राखण्याला काम काय द्यायचं, हे डॉक्टरीणबाईंनी सरांवरच सोपवलं होतं. फळा काही बरोबर नेता येत नाही. सरांनी निवडले कान.

चित्रकाराला माणसाचा कान सगळ्यात अवघड, असं ते म्हणायचे. मुलं नाक-डोळे शिकतात आणि कानाच्या जागी आकडा काढून मोकळी होतात. खरा कान एकासारखा दुसरा नसतो. तेव्हापासून पोटात पीळ पडायला लागला की सर समोरच्या माणसाचा कान बघायला लागले. नुसता बघायचा नाही, मनात काढायचा, पाळीपासून सुरुवात करून, एकेक वळण, एकेक सावली. एसटीत पुढच्या सीटवरचे कान, बैठकीत संस्थेच्या अध्यक्षांचे कान. अध्यक्ष अस्वस्थ होऊन कानाला रुमाल लावायचे, काही चिकटलंय का बघायला. मला एकदा म्हणाले, “बाई, तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा जरा पुढं हाय.” मी अजून फोटो काढताना त्या बाजूचे केस पुढं घेते.

रोज जमायचं असं नाही. पालकसभेत निम्मा कान झाला आणि ते ‘आलोच’ म्हणून गेले, हे मी स्वतः पाहिलंय. पण एसटीतली ती दांडी हळूहळू सुटली. एकदा बारामती स्टँडवर उतरल्यावर मी विचारलं, आज दुखलं नाही वाटतं? (आता विचारायची भीती राहिली नव्हती.) ते म्हणाले, “दुखत व्हतं की. पण मी तितं नव्हतो.”

आणि मग वाघमोडे निवृत्त व्हायची वेळ आली. निरोप समारंभाची तयारी सुरू झाली. बोलणाऱ्यांत मुलाणींचं नाव कुणी घातलं नाही. उगीच पुन्हा हसं नको म्हणून, भल्या मनानंच. फळा तेवढा तुम्ही करा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी मान डोलावली. भाभी मला म्हणाल्या, इतक्या वर्षांची दोस्ती, आणि हे असंच न बोलता संपणार बघा. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

समारंभाला दोन दिवस राहिले असताना दुपारच्या सुट्टीत वाघमोडे शिक्षकांच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मुलाणी समोर. एकमेकांशी बोलणं नाहीच. मी डबा धूत होते. मुलाणी टक लावून बघतायत हे पैलवानांना जाणवलं असावं. पेपर खाली आला.

“काय बघतोय रं?”

“कान.”

“कशापायी?”

मुलाणींनी खुर्ची जरा पुढं ओढली. मग म्हणाले, “पोट दुखतंय म्हणून.”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बेंबीखालचा पीळ, रिपोर्ट, इंदापूरचा दिवस, भिंतीवरचा कर्णा. सांगताना त्यांची नजर त्या मोडलेल्या कानावरून हलली नाही. मी नळ बंद करून तशीच उभी राहिले. वाघमोडेंचा हात आपल्या कानाकडं गेला.

“म्हणजे पंपावर बिडी न्हवती?”

“न्हाय.”

“मग मला सांगायचं हुतंस की.”

“काय सांगू? पैलवानाला सांगू, मला सारखं परसाकडं लागतंय म्हणून?”

वाघमोडे हसले नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “तितं मी हसलो,” ते म्हणाले. “लोकं हसली म्हणून हसलो. गाडी थांबवली न्हाय ती मात्र माझी मीच.” मग उठता उठता म्हणाले, “परवा तू बोलायचं. दुसरं कुणी बोललं न्हाय तरी चालंल.”

“आणि मदीच उठायला लागलं तर?”

“तर जाऊन ये. मी थांबतो.”

त्या समारंभानंतर आठवडाभरात माझी बदली संस्थेच्या बारामतीच्या शाळेत झाली. पुढं मुलाणी भाभींना घेऊन वरकुट्याला, आपल्या गावी राहायला गेले. त्यामुळं सर म्हटलं की मला त्या दिवशीचेच आठवतात.

व्यासपीठावरच्या फळ्यावर त्यांनी वाघमोडेंचं चित्र काढलं होतं. समोरून नाही, बाजूनं. चेहरा चार रेघांत उरकलेला, आणि तो मोडलेला डावा कान मात्र एकेका घडीसकट, इतका जिवंत की हात लावला तर कडक लागेल. मुलं आत येता येताच म्हणत होती, वाघमोडे सर, वाघमोडे सर. नाव वाचायची कुणाला गरज पडली नाही.

भाषणं लांबली. मुलाणी दारालगतच्या खुर्चीवर होते. मी मधून मधून बघत होते. हात पोटावर, नजर कानावर. एकदा ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. मला वाटलं, जमतंय. मग माझ्या शेजारचीनं काही विचारलं, मी तिच्याकडं वळले, आणि परत बघते तर खुर्ची रिकामी. नेमकं त्याच वेळी निवेदन करणाऱ्या शिक्षकानं पुकारलं, आता मुलाणी सर.

सगळ्या माना दाराकडं वळल्या. मागं कुणीतरी खुसखुसलं. शाळेचं स्वच्छतागृह मैदानाच्या पार पलीकडं, आणि परत येणाऱ्या माणसाला ते सगळं मैदान शेकडो डोळ्यांसमोर ओलांडावं लागणार. 

वाघमोडे खुर्चीतून उठले. माइक त्यांनी घेतला नाही, त्यांना तो कधी लागलाच नव्हता.

“दाराकडं काय बघताय? हिकडं बघा,” ते म्हणाले आणि फळ्याजवळ जाऊन उभे राहिले, आपला कान चित्राच्या कानाशेजारी धरून. “ह्यो कान कसा मोडला, सांगू का?”

मुलं ‘सांगा’ म्हणाली. मग त्या माणसानं फेट्यासकट ती सगळी कुस्ती भर व्यासपीठावर करून दाखवली. समोरचा पैलवान कोण, त्यानं मान कशी धरली, हा खालून कसा निसटला. मुलं बाकांवर उभी राहिली. अध्यक्ष हसून हसून खोकायला लागले. ‘तिकडं लक्ष देऊ नका’ म्हणून सांगितलं असतं, तर त्या सभागृहात कुणी ऐकलं नसतं. पैलवानांनी सगळ्या राखण्यांना दुसरं काम दिलं होतं.

दाराकडं बघणारी मी एकटीच उरले होते. मुलाणी सर मैदान ओलांडून आले, अगदी सावकाश. दारात थांबून त्यांनी रुमालानं हात पुसले. आत काय चाललंय ते त्यांना क्षणभर कळेना. मग कळलं. त्यांचे डोळे भरून आले ते मला इतक्या लांबूनही दिसलं. दारालगतची खुर्ची मोकळीच होती. तिला वळसा घालून ते मधल्या वाटेनं पुढं चालत गेले. त्यांना येताना बघून वाघमोडे गप्प झाले, बाजूला सरकले आणि निवेदकाकडचा माइक घेऊन त्यांनी तो मुलाणींच्या हातात दिला.

सरांनी मित्राकडं पाहिलं. कानाकडं नाही, तोंडाकडं.

“आलो,” ते म्हणाले.